शेवटचे दोन पिरियड

पाचव्या पिरियडला, दहावीच्या वर्गात, मी ‘खोटे’ हा शब्द उच्चारत होतो आणि तो पुरा व्हायच्या आत माझी मुलगी वर्गातून पळून गेली. भूमिती चालली होती. विधान खरे की खोटे ते सांगा: प्रत्येक समांतरभुज चौकोन हा आयत असतो. दुपारचे पावणेतीन, मधल्या सुट्टीत डबे खाऊन सुस्तावलेली पोरं, कौलांतून खाली उतरणारा उकाडा, आणि तिसऱ्या बाकावर चंद्रावती, पुस्तक उघडं, पाठ सरळ, डोळे मिटलेले. तिला पाठ सरळ ठेवून झोपता येतं. ही विद्या तिनं केव्हा मिळवली मला माहीत नाही. मी बाकांच्या मधून मागून पुढे येत होतो. मला राग आला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. उलट मागून तिची वेणी दिसली, सकाळी तिच्या आईनं ती घाईत घातली होती आणि एक पेड सुटला होता, तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं. जागी करावी पण वर्गाला कळू नये, अशा बेतानं मी तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि त्याच दमात वर्गाला उत्तर सांगितलं. ‘खो’ एवढंच बाहेर पडलं. ‘टे’ तोंडात राहिला. ती उठली, उजवीकडे वळली, बाकाचं टोक धरून गिरकी घेतली आणि दारातून बाहेर. खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लागला आणि कानावर खो पडला की विचार करायचा नसतो; दिशा घेतली की खांबापर्यंत पळायचं, मागे फिरायचं नाही. तिनं सगळं नियमानुसार केलं. डोळे बहुतेक अजून मिटलेलेच होते.

वर्ग हसला. आधी पाठीमागचे मुलगे, मग मुली, आणि मग एकदम कोणाच्या तरी लक्षात आलं की पळाली ती सरांची मुलगी, आणि हसणं मधेच थांबलं. मी म्हणालो, “खोटे. कारण समांतरभुज चौकोनाचे कोन काटकोन असतीलच असे नाही.” हे वाक्य मी फळ्यावरही लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं, याचं मला त्याही वेळी नवल वाटलं. चार पावलं टाकून दारापर्यंत गेलो असतो तर ती व्हरांड्यात उभी दिसली असती, जागी झालेली, लाजलेली, आणि मी नुसतं “ये” म्हटलं असतं तर ती आत आली असती. पण चालू वर्ग शिक्षकानं सोडायचा नाही हा नियम या शाळेत मीच सुरू केला. शिवाय शाळेत ती मला सर म्हणते आणि मी तिला हजेरीच्या क्रमांकानं ओळखतो, अठरा. अठरा नंबर बाहेर गेला तर तो आपणहून आत येईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या विधानाकडे वळलो. अठरा नंबर आला नाही. बुधवार होता. रविवारी फोंड्याला गोव्याच्या मुलींच्या संघाची निवड होती, आणि आमच्या पेडणे भागातली मुलगी त्या संघात आजवर कधी गेलेली नव्हती. सोमवारी सहामाही परीक्षा सुरू, पहिला पेपर गणित. रविवार आणि सोमवार हे दोन दिवस मी वर्षभर शेजारीशेजारी नीट लावून ठेवले होते, आणि आज ती झोपेत पळून गेली.

घंटा झाली. धाकू, आमचा शिपाई, लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारतो ती घंटा. सहावा पिरियड मला आठवीवर होता. होता म्हणजे मीच तो तिथे ठेवला होता. या शाळेचं वेळापत्रक मी करतो, गेली आठ वर्षं. मोठा पुठ्ठा, त्यावर आखलेले चौकोन, प्रत्येक शिक्षकाच्या नावाच्या रंगीत चिठ्ठ्या आणि टाचण्या. इमारत सकाळी प्राथमिकची, दुपारी बारा ते पाच आमची. रोजचे आठ पिरियड, सहा वर्ग, नऊ शिक्षक. लोक म्हणतात, वेळापत्रकात कोणाचं तरी मन मोडावं लागतं. मी म्हणतो, मोडावं लागत नाही, सरकवावं लागतं. जून महिना लागला की मी जेवणाच्या पाटावर पुठ्ठा घेऊन बसतो, माझी बायको कमलाक्षी वाढलेलं ताट हातात धरून उभी राहते, आणि मला ताट दिसत नाही. मला त्यात इतका आनंद होतो की सांगताना संकोच वाटावा. एक टाचणी काढली की अकरा हलतात, आणि शेवटी सगळ्या बसतात. त्या क्षणी जगात कुणाचीच अडचण उरलेली नसते. आठवीच्या वर्गात मी बीजगणिताची उदाहरणं घातली आणि खिडकीतून विहिरीपर्यंत पाहिलं. विहिरीवर कोणी नव्हतं. नळाजवळ पाचवीची दोन पोरं पाणी उडवत होती. ती मुलींच्या खोलीत गेली असेल, तोंड धुतलं असेल, आता दहावीच्या हिंदीच्या तासाला जाऊन बसली असेल. बघून यायला एक मिनिट लागलं असतं. मी फळ्यावर दुसरं उदाहरण घातलं.

सातवीत असताना शाळेच्या मैदानावर ती पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेत आली. गुरुदास मास्तर पेडण्याच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायचे, ते पाहुणे म्हणून आले होते. तीन मुली पाठोपाठ बाद झाल्या आणि चौथी ही. डाव संपेपर्यंत हिला कोणी शिवू शकलं नाही. मास्तर मला बाजूला घेऊन, मुलगी मागायला आल्यासारखे म्हणाले, “सर, ह्या चेडू माका दी. तुमच्या घरात काय आसा ता तुमकां ठाऊक नाय.” खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या घरात काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी उठून मी ठरवलं की खेळ आणि अभ्यास दोन्ही. हेडमास्तर म्हणाले, एक काहीतरी सोडावं लागेल. माझा मेव्हणा म्हणाला, चेडवाक धावडावन काय मेळतला? मी कोणाशी वाद घातला नाही, चौकटीचा कागद घेतला आणि चोवीस तासांचे चोवीस चौकोन आखले. झोप सात, शाळा पाच, मैदान दोन, कारेरीचा, म्हणजे बसचा, प्रवास एक, अभ्यास, जेवण आणि घरकाम मिळून सहा. सगळं घालून तीन चौकोन शिल्लक राहिले. ते तीन रिकामे चौकोन मी बराच वेळ बघत बसलो होतो. मग त्यांतही अभ्यास लिहिला.

हे मी का केलं याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे, आणि ते सांगताना मी नेहमी विनोद करतो. चंद्रावती जन्मली तेव्हा मी नववीत होतो. पोर्तुगिजांच्या वेळी आमच्या गावात मराठी चौथीच्या पुढे काही नव्हतं. गोवा मुक्त झाला, हायस्कूल आलं, तेव्हा मी बाविशीचा होतो, लग्न ठरलेलं, मिशा राखलेल्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या मागे शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. इन्स्पेक्टर आले की मला शिपाई समजून पाणी मागायचे. सकाळी बागायतीत काम, दुपारी शाळा, संध्याकाळी पोर मांडीवर घेऊन समीकरणं. जे मला मिळालं ते सगळं उशिरा, आणि घाईघाईनं. म्हणून तिला वेळेवर, सगळं, एकदम. यात चूक काय आहे ते मला अजून दिसत नाही. फक्त आठवीच्या खिडकीत उभा राहून मी ते पुन्हा पुन्हा तपासत होतो, एवढं खरं. पहाटे साडेपाचला मी तिला उठवतो. ती बांधावरून धावते, मी मागून सायकलवर, दिव्याचा डायनामो घरघरत असतो, आणि मी सूत्रं विचारतो. अ अधिक ब कंसाचा वर्ग. ती धापा टाकत सांगते, अ वर्ग अधिक दोन अ ब, श्वास, अधिक ब वर्ग. नदीवर धुकं असतं. मला वाटायचं, जगात अशी बाप-लेक दुसरी नसेल. कमलाक्षी एकदा म्हणाली, “चेडू निजेत पाय मारता. काल माका लाथ बसली.” मी म्हणालो, “सराव चांगलो चलता म्हणान.” दुसऱ्या दिवसापासून कमलाक्षी वेगळी चटई घालून झोपू लागली.

आठवीतल्या एका पोरानं विचारलं, “सर, क्षची किंमत उणे आली तर चालतली?” मी चालेल म्हणालो. मग घड्याळात पाहिलं, तीन चाळीस. तीन पन्नासची कारेर ही चंद्रावतीची. सहावा पिरियड पावणेचारला संपतो, ती दप्तर घेऊन थांब्यावर जाते, सव्वाचारला पेडण्याच्या मैदानावर. यासाठी दहावीचे शेवटचे दोन पिरियड रोज मोकळे असायला हवे होते, आणि हीच माझ्या पुठ्ठ्यावरची सगळ्यात मोठी करामत. मोकळे म्हणजे रिकामे नव्हे. सातव्या-आठव्या पिरियडला मी दहावीला चित्रकला, कार्यानुभव, गाणं आणि खेळ एवढंच ठेवलं, सोमवार ते शुक्रवार. गणित, शास्त्र, इंग्रजी, भाषा सगळं सहाव्याच्या आत. म्हणजे तिचं काही चुकत नाही. यासाठी नववीचं शास्त्र सातव्या-आठव्या पिरियडला गेलं; तास शास्त्राच्या मास्तरांचा, पण ते महिनाभर पणजीला प्रशिक्षणाला होते, म्हणून ते दोन्ही पिरियड सध्या मीच घेत होतो. सातवीचा खेळ भर उन्हात, साडेबाराला आला. आणि सुमंगलाबाई, हिंदी आणि चित्रकला शिकवणाऱ्या, त्यांना दिवसाच्या शेवटी एकही सुटा पिरियड उरला नाही. गेली दोन वर्षं त्यांची दिवसाअखेरची सगळी दुपार चंद्रावतीच्याच वर्गात. त्या भांडल्या. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सर, एका चेडवाखातर सगळी शाळा उलटी टांगलात.” मी शांतपणे पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, यात कोणत्या वर्गाचं नुकसान आहे ते बोट ठेवून दाखवा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांना बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, “तिका विचारलात?” मला तो प्रश्न तेव्हा अगदीच बायकी वाटला होता.

सातव्याची घंटा झाली आणि मी नववीवर गेलो. नववी आणि दहावी यांच्यामध्ये भिंत नाही, फळ्यांचं पार्टिशन आहे. पलीकडे शिंकलं तरी इकडे कळतं. नववीच्या खिडकीसमोर मोठा काजू आहे, त्यामुळे थांबा दिसत नाही, फक्त कारेरीचा आवाज येतो. मी प्रकाशाचं अपवर्तन शिकवायला घेतलं. कारेर आली, थांबली, पुन्हा सुरू झाली. तीन पन्नास. म्हणजे ती गेली, मी मनात म्हणालो, तोंड धुऊन, दप्तर घेऊन गेली, झालं ते झालं, रात्री जेवताना मी काहीतरी विनोद करीन आणि ती हसेल. मला केवढं हलकं वाटलं. भिंगाची आकृती मी इतकी सुबक काढली की पुसायला जिवावर यावं. आणि तेवढ्यात धाकू दाराशी आला, हातात घडी केलेला कागद.

“कारेरीच्या कंडक्टरान दिल्यान, सर. गुरुदास मास्तराची चिठी.”

“चंद्रावती गेली ना कारेरीनं?”

धाकूनं कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “वाचा मगे चिठी,” आणि निघून गेला. धाकू कधी प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय जात नाही.

चिठ्ठी शाईनं लिहिलेली, वळणदार. रा. रा. कृष्णनाथ सर यांस सा. न. वि. वि. एसएससीच्या अभ्यासामुळे आपण चि. चंद्रावतीस गेले पंधरा दिवस सरावास पाठवत नाही हे तिच्याकडून समजले होतेच. वडील म्हणून आपला निर्णय मला मान्य आहे, वाईट मात्र वाटले. रविवारी फोंड्याला निवड आहे, तेवढ्यापुरते तरी तिला पाठवावे. सराव नसला तरी तिचे पाय विसरायचे नाहीत. नाही म्हणू नये. कळावे, लोभ असावा. मी चिठ्ठी वाचली, घडी केली, उघडली, पुन्हा वाचली. नववीची पोरं भिंग वहीत उतरवत होती. पंधरा दिवस. रोज सकाळी ती बांधावर धावली, सूत्रं म्हणाली. रोज संध्याकाळी सात वाजता घरी आली, दाराशी पाय धुतले, आणि रोज तिच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर लाल माती होती. मी तरी रोज पाहायचो ती माती. मला ती बघायला आवडायची. मैदानावर गेली नव्हती तर ती माती तिनं कुठून आणली? कुठेतरी वाटेत बसून, बांधाच्या कडेला, ओंजळीत माती घेऊन तिनं ती स्वतःच्या गुडघ्यांना चोळली असणार. पंधरा वेळा. कोपरांना चोळताना हात उलटा करावा लागतो. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता येईना. मी खुर्चीवर बसलो, आणि मी वर्गात कधी बसत नाही म्हणून पोरं माझ्याकडे बघू लागली.

पावणेचार ते सात. तीन तासांपेक्षा जास्त. कागदावर जे दोन तास मैदानाचे होते आणि एक कारेरीचा, ते कुठे होते? मुलगी वयात आलेली. कोणाही बापाच्या मनात जे येतं ते माझ्याही मनात आलं, आणि ते मी लपवत नाही. तिच्या वर्गातला कोण मुलगा, बाजारातला कोण, मी एकेक चेहरा आठवून पाहिला आणि प्रत्येकावर रागावून झालो. तेवढ्यात पार्टिशनच्या पलीकडे मोठ्यानं हसणं झालं. रोज होतं. दहावीचे हे दोन पिरियड म्हणजे सगळ्या शाळेत आनंदी. मीच ते तसे केलेत. रोज मी डस्टर उचलून फळीवर तीनदा ठोकतो आणि ओरडतो, “दहावी, आवाज!” आणि पलीकडे सगळं गप्प होतं. आजही हात डस्टरकडे गेला. हसणं वर चढत होतं, एकाचं हसणं संपायच्या आत दुसऱ्याचं, आणि त्यात एक हसणं असं होतं की त्याला सुरुवातीला उचकी लागते. तशी उचकी कमलाक्षीला लागते, लागायची. डस्टर माझ्या हातात होतं. मी ठोकलं नाही. पंधरा दिवस मी रोज ठोकलं होतं, ओरडलो होतो, आणि पलीकडे एकोणचाळीस पोरांबरोबर तीही गप्प झाली होती, श्वास धरून, माझ्यापासून दोन हातांवर.

मग मला पुठ्ठा दिसला, नेहमीसारखा, डोळे मिटले की दिसतो तसा. पण या वेळी मी तो तिच्या बाजूनं वाचला. पहिला पिरियड गणित. दुसरा इंग्रजी. तिसरा शास्त्र. चौथा भाषा, पाचवा भूमिती, सहावा हिंदी. त्यानंतर वर्ग चित्रं काढतो, गातो, खेळतो, आणि ती थांब्यावर उभी. दोन वर्षं. नववीला असतानाही मी असंच लावलं होतं. जे जे काही हसण्यासारखं होतं ते सगळं मी एकेक टाचणी काढून, नीट विचार करून, ती नसेल तिथे नेऊन लावलं होतं. तिचं काही चुकू नये म्हणून. आठवड्यापूर्वी रात्री जेवताना ती एकदम म्हणाली होती, “तारान आज काय केल्यान ठाऊक आसा? नरकासुराक बाईंचो चष्मो लायलो!” आणि उचकी लागून हसली होती. मी म्हणालो होतो, “जेव आदी.” तुला कसं माहीत, तू तर मैदानावर होतीस, हे विचारायला पाहिजे होतं, कोणत्याही हुशार बापानं विचारलं असतं. मी माशाचा काटा काढत होतो.

आठ वर्षांत पहिल्यांदा मी चालू वर्ग सोडला. नववीला म्हणालो, आकृतीला नावं द्या, आणि व्हरांड्यातून दहावीच्या दाराशी गेलो. दार उघडंच होतं. बाक भिंतीला सरकवलेले, मधल्या जागेत जमिनीवर नरकासुराचं डोकं, दिवाळीच्या पहाटे शाळेपुढे जाळायचं ते. बांबूच्या कामट्यांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली, लाल जीभ, गवताच्या मिशा, एकच डोळा. सुमंगलाबाई खुर्चीवर बसून कात्रीनं दात कापत होत्या. आणि चंद्रावती जमिनीवर, गुडघे मोडून, दोन्ही हात कोपरांपर्यंत मैद्याच्या खळीत, दुसरा डोळा दोन्ही तळव्यांवर धरून. तिची मैत्रीण तारा तिच्या कानात काहीतरी सांगत होती आणि ती हसत होती, खांदे हलत होते, डोळा हातांतून घसरत होता. पाठ वाकलेली होती. माझ्या मुलीची पाठ वाकलेली मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मला वाटलं, आपण असंच मागच्या पावली जावं. कोणी पाहिलं नाही, काही झालं नाही. रविवारचं रविवारी बघू, गुरुदासला लिहू की नाही जमत, दोन ओळी. किती सोपं होतं. मी खरोखर एक पाऊल मागे घेतलं, आणि वहाणेचा आवाज झाला.

तारानं पाहिलं. मग सगळ्यांनी. गप्प व्हायला फळी ठोकावी लागली नाही. चंद्रावतीनं सगळ्यात शेवटी मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं गेलं, आणि ते जाताना मी पाहत होतो. ती घाबरली नव्हती. घाबरली असती तर मी तिच्याजवळ गेलो असतो, काही नाही गो म्हणालो असतो. ती नुसती जागी झाली होती.

सुमंगलाबाई उठल्या. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि सगळ्या वर्गासमोर, पण अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सर, बसूं दी तिका. दोन पिरियडच ते.”

होय, मी म्हणणार होतो. होय बाई, बसू दे. एवढा एक शब्द, ‘बस’. तो माझ्या तोंडात तयार होता, मला त्याची चवसुद्धा लागत होती. पण मी तो म्हणेपर्यंत चंद्रावतीनं नरकासुराचा डोळा ताराच्या हातात दिला होता. ती उठली, दप्तराचा पट्टा कोपरात अडकवला, खळीचे हात युनिफॉर्मला लागू नयेत म्हणून अंगापासून लांब धरले. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या घड्याळाकडे पाहिलं.

“जातंय,” ती म्हणाली. “साडेचारची कारेर गावतली.”

“साडेचारची नाही,” मी म्हणालो, “चार पस्तीसची.”

तिनं मान हलवली, आणि माझ्या बाजूनं, दाराला अंग न लावता, निघून गेली. धावत. मी काय बोललो ते मला तेव्हाच ऐकू आलं, दुसऱ्या कोणी तरी बोलल्यासारखं, स्वच्छ, वेळ बिनचूक. सुमंगलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बसल्या, आणि पुन्हा दात कापायला लागल्या.

व्हरांड्याच्या टोकापासून थांबा दिसतो. ती पोचलीसुद्धा होती, रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. दप्तर पायाशी ठेवून ती उभी होती, हात तसेच पुढे धरलेले, बोटं फाकलेली, आणि उन्हात खळ वाळू लागली तशी ती नखानं सोलून काढत होती. मी घड्याळ पाहिलं. चार अठरा. कारेर यायला सतरा मिनिटं होती. थांब्यापर्यंत चालत जायला दोन लागतात, परत यायला दोन. ‘चल, तो डोळा लावून ये’ एवढं म्हणायला अर्धं मिनिट पुरे. मी पुन्हा मोजलं, आणि दोन्ही वेळा वेळ भरपूर उरत होता. मग धाकूनं आठव्या पिरियडची घंटा दिली आणि मी नववीवर गेलो.